लाल सेल आणि माझं काळं तोंड

काल रात्री साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर एक्सेलची शीट टाकली. मेंटेनन्सची मुदत उलटली असेल तर तो सेल, म्हणजे तारखेची चौकट, आपोआप लाल, एवढा एकच नियम. सकाळी सातला पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "अरे, एप्रिलमध्येच वर्षभराचा चेक दिलाय ना मी? मला लाल का केलंस?"

दिलाय हो काकू! म्हणूनच तर तुमच्यापुढे मुदतीचा रकाना रिकामा आहे. पण एक्सेलसाहेबांच्या लेखी तारीख म्हणजे आकडा, रिकामं म्हणजे शून्य, आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा लहान. चला, लाल! ज्यांनी वेळेत पैसे भरले ते झाडून सगळे लाल. आणि तो चौथ्या मजल्यावरचा, जो जिन्यात मला बघून मोबाइल कानाला लावतो? धुतल्या तांदळासारखा पांढरा. वर ग्रुपवर अंगठा टाकून मोकळा.

का, तर त्याची १५/०६/२०२५ ही तारीखच नाही म्हणे, मजकूर आहे. लॅपटॉप अमेरिकन पद्धतीवर, आधी महिना मग दिवस, आणि तिकडे पंधरावा महिना नसतो. (इकडे तरी कुठे असतो!) मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच धरायचा हा यांचा कायदा, म्हणजे हा माणूस जन्मात लाल होणार नाही. ५ जूनवाले मात्र गुपचूप ६ मेवर जाऊन बसले.

फ्लॅट ३/१२ लिहिला की १२-मार्च. या छळाला कंटाळून २०२० साली शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली, 'मार्च१'चं 'मार्चएफ१' केलं. मी काय बिल्डिंगचा नंबर बदलू? लीप वर्ष नसलेल्या १९०० सालाला २९ फेब्रुवारी चिकटवणारं, तेही लोटस या जुन्या स्प्रेडशीटची चूक जशीच्या तशी उचलून, हे सॉफ्टवेअर मला तारखा शिकवणार! एक ओळ कॉपी-पेस्ट केली की एका नियमाची सतरा पिल्लं. आणि नियमात एक अक्षर दुरुस्त करायला बाण दाबला की मधेच भलत्याच सेलचा पत्ता घुसतो.

"काका, आधी एफ-टू दाबायचं." हे शेजारचं नववीतलं पोरगं. मी २००३ पासून एक्सेल वापरतोय.

त्यानेच पुढे विचारलं, "मजकूर असेल तर तारीख डावीकडे चिकटते, दिसलं नाही का तुम्हाला?" कसं दिसणार? शीट देखणी दिसावी म्हणून मीच सगळा रकाना मध्यभागी आणून ठेवला होता.

असो. रिकामे सेल वगळले, तारखा सरळ केल्या, चौथा मजला एकदाचा लालभडक झाला. रविवारच्या सभेसाठी कोपऱ्यावरून चाळीस झेरॉक्स काढून आणल्या.

ब्लॅक अँड व्हाइट.