विजे-लब्रं फक्त राणीची लाडकी होती?

फ्रेंच चित्रकार एलिझाबेथ विजे-लब्रंविषयी एक मजकूर अधूनमधून फिरत येतो: ‘दिसायला देखणी, राणी मारी आंत्वानेतची लाडकी, म्हणून चित्रकार झाली. चित्रं म्हणजे नुसती खुशामत. क्रांतीत राणी गेली, हिचंही दुकान बंद झालं.’

आधी सनावळी बघा. वडील लुई विजे पॅरिसमध्ये पेस्टलनं व्यक्तिचित्रं काढत. ते १७६७ मध्ये वारले तेव्हा ती १२ वर्षांची. विशीच्या आतच तिच्या कमाईचा घराला आधार होता. १७७४ मध्ये परवान्याशिवाय धंदा करते म्हणून तिच्या स्टुडिओला टाळं ठोकलं, तेव्हा ती सेंट ल्यूक अकादमीची, म्हणजे पॅरिसच्या चित्रकारांच्या संघाची, सभासद झाली. राणीचं बोलावणं आलं १७७८ मध्ये, म्हणजे नाव झाल्यावर.

वशिला मात्र खरा. नवरा चित्रांचा व्यापारी, आणि फ्रान्सच्या रॉयल अकादमीला, म्हणजे राजाश्रयाच्या कलासंस्थेला, हा धंदा चालत नसे. १७८३ मध्ये राणीनं शब्द टाकला म्हणून तिला आत घेतलं. पण वशिल्यानं दार उघडतं, हात चालत नाही.

आता खुशामत. त्याच वर्षी तिनं राणीला साध्या पांढऱ्या मलमलीत रंगवलं. राणी अंतर्वस्त्रात बसलीय, अशी ओरड झाली आणि चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. १७८७ चं मोठं चित्र तर मुद्दाम बघावं. हिऱ्यांच्या हाराच्या घोटाळ्यात राणीची अब्रू गेलेली, म्हणून इथे ती मुलांची आई आहे, गळ्यात हार नाही. थोरला मुलगा पाळण्याकडे बोट दाखवतोय आणि पाळणा रिकामा आहे: धाकटी सोफी त्याच जूनमध्ये गेली होती. हे काम दरबारी असलं तरी त्या पाळण्यावरून माझी नजर हलत नाही.

आणि ‘दुकान बंद’? ६ ऑक्टोबर १७८९ ला राजघराण्याला व्हर्सायहून पॅरिसला आणलं. त्याच रात्री ही लेकीला घेऊन इटलीकडे निघाली. रोममध्ये फ्लॉरेन्सच्या उफिझी कलासंग्रहालयासाठी स्वतःचं चित्र केलं, मग नेपल्स, व्हिएन्ना, आणि १७९५ पासून सेंट पीटर्सबर्गमध्ये सहा वर्षं. तिथे रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला आपल्या नातींचं चित्र मुळीच आवडलं नाही, तरी रशियन उमरावांची रांग हटली नाही. इकडे फ्रान्समध्ये २५५ जणांनी तिला परत येऊ द्या म्हणून अर्ज केला. १८०२ मध्ये ती परतली, पुढच्याच वर्षी लंडनला जाऊन तिथेही चित्रं केली.

आठवणींमध्ये तिनं स्वतःच्या सहाशेच्या वर व्यक्तिचित्रांचा हिशेब दिलाय. त्यात राणीची फार तर तीसेक.