खूप बोलतो, पैसे उडवतो म्हणजे बायपोलर? त्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला: "खूप बोलणं, मध्येच तोडणं, कामं अर्धवट सोडणं, पैसे उडवणं, मूड बदलणं, यातली तीन असतील तर बायपोलर. एडीएचडी फक्त लहान मुलांना होतो. लिथियम घेऊ नका, किडनी जाते." मी एडीएचडीवाला (लक्ष टिकत नाही, चुळबूळ, उतावीळपणा), मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, बायपोलर (मूड कधी दिवसचे दिवस अति वर, कधी डिप्रेशन), दोन्ही घरातच बघितलंय, म्हणून लिहितोय.

आधी ती यादी. पाचच्या पाच माझ्यात आहेत आणि मी बायपोलर नाही. लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात हो, बघायचं असतं ते कधीपासून आणि किती दिवस. माझं दुसरीपासून रोजचंच, प्रगतिपुस्तकात दरवर्षी "हुशार आहे पण लक्ष नसते". दादा वर्षवर्ष शांत, हिशेबाला चोख, आणि एका दिवाळीत आठ-नऊ दिवस वेगळाच माणूस. डॉक्टरांचे निकषही तेच सांगतात, मेनिया म्हणजे मूड आणि उत्साह असा बेफाम वर जाणं, हायपोमेनिया त्याचंच सौम्य रूप, तर हायपोमेनिया म्हणायला सलग किमान ४ दिवस, मेनियाला आठवडा (ॲडमिट करावं लागलं तर ही अट नाही), आणि एडीएचडीची काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत. सकाळी चिडून संध्याकाळी हसणारा बायपोलर असता तर आमची अख्खी सोसायटी गोळ्यांवर असती.

आणि त्या यादीत झोप नाहीच, जी सगळ्यात आधी विचारायला हवी. मी पण रात्री तीनपर्यंत जागा असतो, पण डोकं बंद होत नाही म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे मिटतात. दादा त्या दिवाळीत दोन तास झोपायचा आणि पहाटे चारला टवटवीत, माळ्यावरची सगळी भांडी काढून घासत बसलेला, वर मामीला म्हणतो तुम्ही लोक झोपून आयुष्य वाया घालवता. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं.

"फक्त लहान मुलांना"? माझं निदान ३१व्या वर्षी झालं. मोठेपणी उड्या मारणं कमी होतं, बिलं विसरणं राहतं.

आता लिथियम, बायपोलरवरची गोळी. जॉन केडने १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेनियावर वापरलं, आजही पहिल्या फळीतलं औषध आहे. किडनीची भीती अगदीच खोटी नाही, पण म्हणूनच तर लिथियमची रक्तातली लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड तपासत राहतात. मामीच्या वहीत तारखेसकट सगळे आकडे आहेत. जुलाब लागले किंवा आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेतली की लेव्हल चढू शकते, फॉरवर्डमध्ये खरं तर हे लिहायला हवं होतं. त्याऐवजी "घेऊ नका" वाचून कोणी गोळी एकदम बंद केली तर आजार उलटतो, कधीकधी फार वाईट.

शेवटचं, "दोन्ही एकच, औषध काय कुठलंही चालतं" असं खाली एका काकांनी जोडलंय. नाही चालत काका. मला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट आहे, तेच बायपोलरवाल्याला मूड स्टॅबिलायझरशिवाय (लिथियमसारखं मूड ताब्यात ठेवणारं औषध) दिलं तर मेनिया उसळू शकतो. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, तेव्हाही आधी मूड ताब्यात आणतात, एडीएचडीच्या गोळीचं नंतर बघतात. दादाच्या बाबतीत चूक आमचीच झाली. तो डिप्रेशनमध्ये असताना डॉक्टरांकडे नेला, आणि दिवाळीतलं आम्ही कोणी बोललोच नाही, कशाला उगाच म्हणून. नुसतं अँटिडिप्रेसंट सुरू झालं आणि तीन आठवड्यांत भांडी परत माळ्यावरून खाली.