रेन्वारच्या हाताला ब्रश बांधलेला नव्हता

परत तोच फॉरवर्ड आला. फ्रेंच चित्रकार रेन्वारचा एक प्रिंट, एकाच कागदावर सहज काढल्यासारखे तीन चेहरे, आणि खाली लिहिलंय की संधिवाताने बोटं गेली होती, ब्रश हाताला बांधून घ्यायचा, मरायच्या वर्षी म्हणजे १९१९ला बिचाऱ्याला एवढंच जमलं, आणि हजार प्रती छापल्यात म्हणजे ही नुसती कॉपी.

संधिवात खरा, १८९०च्या दशकातच सुरू झालेला, बोटं पार तळव्यात वळली होती. पण बांधायचं काय घेऊन बसलात? फोटोत हाताला दिसते ती पट्टी कातडी सोलवटू नये म्हणून, ब्रश नुसता हातात ठेवून द्यायचे, पुढे पकड त्याची स्वतःची. फ्रेंच नट-दिग्दर्शक साशा गित्रीने १९१५ला त्याचं शूटिंग केलंय ते बघाच, धाकटा मुलगा क्लोद शेजारी उभा, ब्रश हातात देतो आणि म्हातारा लगेच कॅनव्हासवर बारीक बारीक फटकारे मारायला लागतो, मधेच सिगारेट.

आता १९१९. ते आल्बमचं वर्ष आहे हो, चित्राचं नाही! पॅरिसचा आर्ट डीलर व्होलार याने रेन्वारचे १२ लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रं, एकत्र काढले, त्यातलाच हा, फ्रेंच नावाचा अर्थच 'तीन स्केचेसचा दगड'. काढलाय १९०४च्या आसपास, व्हीलचेअर त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. आणि मरायच्या वर्षी काय जमत होतं ते बघायचं तर पॅरिसच्या ओर्से म्युझियममधलं 'बेन्यूझ' म्हणजे 'आंघोळ करणाऱ्या बायका' हे पेंटिंग बघा, १९१८-१९चं, ११० बाय १६० सेंटीमीटर. अशा माणसाला बिचारा म्हणताना जीभ कशी रेटते.

कॉपीचं म्हणाल तर आपला घोळ रविवर्मा प्रेसमुळे होतो, तिथे मूळ ऑइल पेंटिंग वेगळं आणि प्रेसच्या कारागिरांनी त्यावरून दगड तयार केलेले. इथे मागे दुसरं पेंटिंगच नाही, तेलकट खडूने काढलेली रेघ हीच मूळ, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी धरते, कागद दाबला की चित्र उलटं उमटतं. हजार प्रती आहेत म्हणून दुर्मिळ नाही म्हणा, मान्य, पण रेघ त्याचीच आहे. झूम करून बघा, खडू हलका पडला तिथे रेघ दाण्यादाण्याने तुटलेली दिसते, आणि जोर दिलाय तिथे काळी कुळकुळीत.