आउट ऑफ मेमरी आली की हीप वाढवा? आधी कोलनपुढचं वाचा

ॲप्लिकेशन सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय. जावाच्या सर्व्हरवर ‘आउट ऑफ मेमरी एरर’ आली तर काय करायचं, याचे पाच मुद्दे त्यात आहेत. हीप, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट (चालू डेटा) राहतात ती मेमरी, मशीनच्या रॅमएवढी करा. रोज रात्री रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावा. कोडमध्ये जागोजागी ‘सिस्टिम डॉट जीसी’ (आत्ता मेमरी साफ कर, ही जावाला हाक) टाका. स्टॅक ट्रेसमध्ये (एरर आली तेव्हा कोणता कोड चालू होता त्या यादीत) जे मॉड्यूल दिसेल ते दोषी. आणि जावात नको झालेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर (जीसी) असतो, त्यामुळे लीक, म्हणजे मेमरी अडकून राहणं, होऊच शकत नाही, कमी पडते ती फक्त रॅम. खाली अर्थातच ‘खात्रीशीर उपाय, पुढे पाठवा’.

पहिल्या मुद्द्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून त्यावर जरा थांबू. ‘आउट ऑफ मेमरी एरर’ हे एका दुखण्याचं नाव नाही. लॉगमध्ये त्यापुढे कोलन असतो आणि निदान कोलनच्या पुढे लिहिलेलं असतं. तिथे ‘जावा हीप स्पेस’ असेल तर हीप भरली. ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ असेल तर सर्व्हर ९८ टक्क्यांहून जास्त वेळ साफसफाईतच घालवतोय आणि दर खेपेला २ टक्क्यांहून कमी हीप मोकळी होतेय. ‘मेटास्पेस’ म्हणजे क्लासेसची (कोडमधल्या ऑब्जेक्टच्या आराखड्यांची) जागा, आणि ती हीपच्या बाहेर असते. २०१४ साली जावा ८ आलं तेव्हा जुनी पर्मजेन जाऊन ही आली. तरी कित्येक स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये पर्मजेनची मर्यादा ठरवणारा ‘मॅक्सपर्मसाइझ’ हा फ्लॅग अजून ठाण मांडून बसलेला असतो. जावा ८ वॉर्निंग देऊन त्याच्याकडे दुर्लक्ष करतं, जावा १७ त्याच्यापायी सुरूच होत नाही.

सगळ्यात फसवं रूप म्हणजे ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’. थ्रेड म्हणजे प्रोसेसच्या आत समांतर चालणारं काम. ६४ बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी (त्याच्या कामाच्या जागेसाठी) साधारण १ एमबी जागा राखली जाते, तीही हीपबाहेर. बहुतेक वेळा इथे युलिमिट (लिनक्सनं युजरवर घातलेली मर्यादा) आडवी येते, नाहीतर कंटेनरवरची (ॲप्लिकेशन ज्या बंदिस्त कप्प्यात चालतं त्यावरची) प्रोसेसची मर्यादा. किंवा कोणीतरी दर रिक्वेस्टला नवा थ्रेड पूल उघडून तो बंद करायचा विसरलेला असतो. अशा वेळी हीप वाढवली तर थ्रेडसाठी उरलेली जागा आणखी आक्रसते. आजार रेड्याला, औषध पखालीला.

आता ‘रॅमएवढी’ या शब्दाकडे. जावाची प्रोसेस म्हणजे नुसती हीप नव्हे. मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, कोड कॅश, डायरेक्ट बफर, जीसीचा स्वतःचा हिशेब हे सगळं हीपच्या वर लागतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमलाही जगायचं असतं. १६ जीबीच्या मशीनवर १६ ची हीप दिली की एक दिवस मेमरी संपली की जागा होणारा लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेसच मारून टाकतो. मग जावाच्या लॉगमध्ये एरर येतच नाही, लॉग मध्येच थांबतो. तिकिटावर शेरा पडतो, ‘सर्व्हर आपोआप बंद पडतो, लॉगमध्ये काही नाही.’ लॉगमध्ये असतं, पण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या): तो दाखवणारी डीमेसेज कमांड चालवा, ‘किल्ड प्रोसेस’ सापडेल. कंटेनर असेल तर एक्झिट कोड १३७ दिसेल, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९.

मोठ्या मशीनवाल्यांसाठी आणखी एक खोच. साधारण ३२ जीबीच्या खाली जावा ऑब्जेक्टचे पत्ते आक्रसून ४ बाइटमध्ये ठेवतं. त्यावर गेलात की तेच पत्ते ८ बाइटचे होतात. म्हणून ३१ ची हीप ३३ केली की मावायचं ते कमी मावतं.

हीप वाढवणं कधीच बरोबर नसतं असं नाही. जीसी लॉगमध्ये एकच आकडा बघायचा: फुल जीसी (सगळ्या हीपची साफसफाई) झाल्यावर किती वापरात उरलं. समजा ४,०९६ एमबीच्या हीपमध्ये सकाळी फुल जीसीनंतर १,४०० उरले, दुपारी २,३००, संध्याकाळी ३,७८०. तळ वर सरकतोय म्हणजे काहीतरी साठतंय, आणि हीप दुप्पट केली तरी तो प्रसंग फक्त उद्यावर जाईल. पण तळ दिवसभर तिथेच राहिला, माणसं वाढली, शाखा वाढल्या, तर खुशाल वाढवा.

रीस्टार्टबद्दल मी सोवळं पाळणार नाही. काउंटरवर माणसं उभी आहेत, पावती निघत नाही, तेव्हा रीस्टार्टच मारायचा. फक्त त्याआधी हीप डम्प (त्या क्षणीच्या हीपची फाइलमधली नक्कल) घ्या, कारण रीस्टार्ट पुरावा पुसून टाकतो. त्याहून बरं, ‘हीप डम्प ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ हा फ्लॅग आधीच लावून ठेवा आणि डम्पच्या जागी हीपएवढी डिस्क मोकळी ठेवा. हो, त्या डम्पमध्ये ग्राहकांचे पॅन नंबर आणि कधी कधी पासवर्डही साध्या अक्षरांत असतात, तेव्हा तो मदतीसाठी ग्रुपवर टाकू नका. राहिला रोजचा क्रॉन. महिनाअखेरीला लोड दुप्पट झाला की रात्री बाराला येणारी एरर दुपारी चारला येते, आणि क्रॉन रात्रीचाच असतो.

‘सिस्टिम डॉट जीसी’चा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. हीप भरल्याची एरर फेकण्याआधी जावानं स्वतः फुल जीसी करून पाहिलेलं असतं. तुमच्या हाकेनं जास्तीचं काही मिळत नाही, सगळे थ्रेड थांबतात तेवढं पदरात पडतं.

चौथा मुद्दा मात्र टीमचे आठवडे खातो. ट्रेसमध्ये जो दिसतो, त्यानं फक्त शेवटचं मागितलेलं असतं. ३१ मार्चचं उदाहरण घ्या. अकाउंट्समधलं कुणीतरी वर्षभराचं लेजर एक्सेलमध्ये काढायला बटण दाबतं. पोस्टग्रेस डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) मूळ सेटिंगमध्ये क्वेरीच्या सगळ्या ओळी एकदम मेमरीत आणतो. फेच साइझ (एका खेपेला किती ओळी) दिली आणि ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) बंद केलं तरच तो तुकड्यांनी आणतो. वर एक्सेल फाइल बनवणाऱ्या अपाची पीओआय लायब्ररीचं एक्सएसएसएफ वर्कबुक प्रत्येक सेलचं ऑब्जेक्ट करून मेमरीत धरून ठेवतं. हीप काठोकाठ भरते. तेवढ्यात कोणी बिचारा लॉगिन करतो, त्याला काही केबी लागतात, ते मिळत नाहीत आणि ट्रेस लॉगिनचा छापला जातो. मग सगळे लॉगिनचं मॉड्यूल उकरत बसतात, साप साप म्हणून भुई धोपटणं चालू.

तोच डम्प एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडा आणि डॉमिनेटर ट्री बघा. कोणी किती धरून ठेवलंय, त्या क्रमानं यादी येते. सगळ्यात वर एखादा रिक्वेस्टचा थ्रेड, त्याच्या पोटात वर्कबुक, वर्कबुकच्या पोटात लाखो सेल. लॉगिन कुठे तळाला पण नसतं. इलाजही मग नेमका निघतो: एक्सएसएसएफच्या जागी त्याच लायब्ररीचं एसएक्सएसएसएफ. हे मूळ सेटिंगमध्ये १०० ओळीच मेमरीत ठेवतं, बाकीच्या टेम्प फाइलमध्ये लिहितं. टेम्पच्या डिस्कवर तेवढी नजर ठेवायची.

पाचवा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून जास्त पसरतो. गार्बेज कलेक्टर उचलतो ते कुठूनच पोचता न येणारं ऑब्जेक्ट. नको असलेलं पण अजून कुणीतरी धरून ठेवलेलं ऑब्जेक्ट तो उचलत नाही, त्याला ते कळायचा मार्गच नाही. स्टॅटिक हॅशमॅपमध्ये (सर्व्हर चालू असेतो राहणाऱ्या यादीत) ‘कॅश’ म्हणून टाकत गेलेले ग्राहक, कधीच रिकामे न केलेले थ्रेडलोकल (थ्रेडचे खासगी कप्पे), किंवा टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरचा मुळातला ३० मिनिटांचा सेशन टाइमआउट ‘युजर सारखे बाहेर पडतात’ म्हणून कुणीतरी उणे एक केलेला, म्हणजे सेशन कधी मरणारच नाही. री-डिप्लॉय करताना (ॲप्लिकेशन पुन्हा चढवताना) टॉमकॅट स्वतः लॉगमध्ये लिहितो की या ॲप्लिकेशननं सुरू केलेला थ्रेड बंद झालेला नाही, लीक व्हायची दाट शक्यता आहे. ती वॉर्निंग कोणी वाचत नाही, जुना क्लासलोडर (ॲप्लिकेशनचे क्लासेस मेमरीत आणून धरणारा) तसाच राहतो आणि चार-सहा डिप्लॉयनंतर मेटास्पेस भरते.

लीक आहे की नाही, हे डम्पशिवायही ताडता येतं. जावासोबतच येणाऱ्या जेसीएमडी या कमांडनं क्लास हिस्टोग्राम (कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत ती यादी) काढा, तासाभरानं पुन्हा काढा आणि दोन्हींत कोणत्या क्लासचा आकडा नुसता चढतोय ते बघा. हिस्टोग्राम काढताना फुल जीसी होतो, तेव्हा गर्दीच्या वेळी काढणार असाल तर बिझनेसवाल्यांना आधी सांगून काढा.