टेपवाले काका

मी ३८ वर्षांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण रविवारच्या झाडफेरीचे फोटो ग्रुपवर पडलेत आणि माझ्या फोटोखाली एका मुलीने लिहिलंय, "आपले टेपवाले काका". त्यावर सतरा जणांचे अंगठे. ती स्वतः माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी लहान असेल. असो. (असो म्हणतोय, पण असो वगैरे काही नाहीये.)

झालं असं की नाशिकला गंगापूर रोडवर सकाळी साडेसहाला जमायचं होतं आणि मी पावणेसातला पोचलो. फेरी नेणाऱ्या मॅडम बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि माझ्या हातात मेजरिंग टेप दिली. "उशिरा आलात ना, मग तुम्ही टेप धरा." मला वाटलं एका झाडापुरतं असेल. अकरा झाडं धरली. बुंध्याचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात, त्यावरून वयाचा अंदाज बांधतात, आणि वयाला महत्त्व का तर २०२१ पासून कायद्याने ५० वर्षांच्या पुढचं झाड हेरिटेज. माझ्या बाबतीत बहुतेक हाच नियम जरा आधी लागू झाला.

अपमानाची सुरुवात तशी टेपच्याही आधी झाली होती. एका बंगल्याच्या कंपाउंडला उंच सरळसोट झाडांची रांग होती, मी शाळेतल्यासारखा हात वर करून म्हटलं, "अशोक!" मॅडम म्हणाल्या, "आसुपालव. खोटा अशोक." खरा तो सीता-अशोक, शेंदरी फुलांचे गुच्छ येतात तो, तो वेगळाच. म्हणजे बघा, सीताहरण आमच्या गावात झालं, पंचवटीत लहानपणी त्या नंबर टाकलेल्या वडांखाली आम्ही लपाछपी खेळलो, आणि सीतेला कुठल्या झाडाखाली बसवलं होतं हे मला अडतिसाव्या वर्षी कळतंय. पुढे कळलं की गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. माझे वडील निफाडहून येऊन चाळीस वर्षं झाली तरी आमचे शेजारी अजून "तुम्ही बाहेरचे ना" म्हणतात. गुलमोहराला कोणी म्हणत नाही.

टेप धरल्यामुळे एक गोष्ट मात्र मला इतरांपेक्षा जास्त कळली, ती म्हणजे खिळे. एका कडुनिंबाला मी मिठी मारली तर हाताला आठ खिळे लागले. क्लासेस, पेस्ट कंट्रोल, टू बीएचके, आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या खिळ्याने ठोकलेली पाटी, ‘झाडे लावा, झाडे जगवा’. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, आळ्याला चार बोटं जागा नाही. पाणी काय त्याने बिसलेरीचं प्यायचं?

मग एका गल्लीत उंबर आला. मॅडम रंगात येऊन सांगत होत्या की उंबराचं फूल दिसत नाही कारण फुलं फळाच्या आतच असतात, शेकड्यांनी, आणि चिलटाएवढी एक माशी आत शिरून परागीभवन करते. तेवढ्यात मागून आवाज आला, "आले का शेवटी!"

बनियन, पायजमा, तोंडात ब्रश. खरे काका तर हे होते. एवढ्या वीस माणसांत त्यांनी बरोबर माझ्याकडे बघितलं, कारण टेप.

"कधी तोडताय?"

"मी महापालिकेचा नाही हो काका."

"मग कॉन्ट्रॅक्टर?"

"नाही."

"फॉरेस्टवाले?"

"नाही हो, आम्ही हौशी आहोत."

"हौशी म्हणजे कुठलं डिपार्टमेंट?"

त्यांनी ब्रशनेच फांदी दाखवली. खाली त्यांची पांढरी गाडी. रात्री वटवाघळं येतात, उंबरं टाकतात, सकाळी काच अशी की वायपरने पण हात टेकावेत. मी म्हटलं, गाडी दोन फूट पुढे घ्या ना. ते म्हणाले, "झाड आधी की गाडी आधी?" मी म्हटलं, झाड. ते म्हणाले, "आरसी बघा माझी."

"मग तुम्हीच तोडून घ्या," मी चिडून म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण साडेसातपर्यंत चहा नव्हता. यावर काकांनी कानाला हात लावला. "दत्ताचं झाड आहे. दर गुरुवारी दिवा लावतो मी इथे. आपण हात लावला तर पाप. तुम्ही गव्हर्नमेंट, तुम्हाला लागत नाही."

मी मदतीसाठी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "१९७५चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज लागतो, हे सांगतील तुम्हाला," आणि सगळा घोळका घेऊन पुढे गेल्या. पुढे ताम्हण फुललं होतं, आपलं राज्यफूल, जांभळं, सगळ्यांचे फोटो आहेत त्याच्यासोबत. माझा नाही. मी त्या वेळी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर, झाडांच्या यादीच्या मागच्या बाजूला, काकांच्या वतीने अर्ज लिहीत होतो, कारण "माझं अक्षर लागत नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालंय." काका तोंड धुऊन येऊन मजकूर सांगत होते. ‘सविनय’ त्यांनी दोनदा टाकायला लावलं. मग माझा नंबर घेतला. फेरीचे दोनशे रुपये भरून मी हे केलं. मिसळीच्या ठिकाणी पोचलो तर रस्सा गार आणि पाव संपलेले, ‘थोड्या वेळात येतील’, म्हणजे यायचेच नव्हते.

बुधवारी मेसेज आला. फांदी जमिनीवर पडलेला फोटो, खाली हात जोडलेले, "काम झालं साहेब, आभार." मी काहीही केलेलं नाही, तो अर्जसुद्धा त्यांच्याकडेच होता. तिकडे ग्रुपवर कोणीतरी तोच बुंधा टाकून विचारलं, "हे कोणाचं काम??" मी एक रडका चेहरा टाकला आणि फोन उलटा ठेवला.

आज दुपारी परत मेसेज. "साहेब, गाडी फार तापायला लागली. तिथे लवकर वाढणारं एखादं बसवता येईल का?"

उत्तर दिलेलं नाही अजून. पण निदान ते साहेब तरी म्हणतात.