पोपनी समलिंगी लग्नांना परवानगी दिली? नाही.

'पोप फ्रान्सिस यांनी चर्चमध्ये समलिंगी लग्नं लावायला मान्यता दिली होती' हा मेसेज वसईतल्या आमच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. पहिल्या खेपेला मीही तो न वाचताच पुढे ढकलला होता, म्हणून हा खुलासा.

१८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने पोपच्या संमतीने एक घोषणापत्र काढलं. मूळ मजकूर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर आहे, तो मी नंतर बसून वाचला. समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं, तर फादर तो देऊ शकतात, एवढीच मुभा त्यात आहे. तोही ठरलेल्या विधीशिवाय. नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून नाही, लग्नाच्या पोशाखात नाही. ४ जानेवारी २०२४ च्या स्पष्टीकरणात तर १०-१५ सेकंदांची साधी प्रार्थना, असंच म्हटलंय. विवाह-संस्कार स्त्री-पुरुषांचाच, हे घोषणापत्रात स्पष्ट आहे.

म्हणजे काहीच बदललं नाही, असंही नाही हं. याच विभागाने २०२१ मध्ये अशा नात्यांना आशीर्वाद देता येत नाही, असं सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये पोप म्हणाले होते की समलिंगी असणं गुन्हा नाही. समलिंगी संबंध पाप मानण्याची शिकवण मात्र त्यांनी बदलली नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी हे आशीर्वाद द्यायला नकार दिला.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हे पाठवा.