चंद्रावरची सहल आधी प्रदर्शनात झाली, पडद्यावर नंतर

थीम पार्कचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो आणि कोणी न तपासता तो पुढे सरकवतं. थोडक्यात तो असा : ‘विज्ञानपटांवरच्या राइड्स १९८७ मध्ये डिस्नीलँडच्या ‘स्टार टूर्स’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरच्या राइडपासून सुरू झाल्या. चित्रपट गाजला की पार्कवाले त्याची नक्कल करतात, म्हणजे ती चित्रपटाची जाहिरातच. आणि आता डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारे व्हीआर चष्मे आल्यावर हे सगळं संपल्यात जमा आहे.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी १९८७ हे साल घेऊ. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरलं होतं. तिथे फ्रेडरिक थॉम्प्सन यांनी ‘अ ट्रिप टू द मून’ नावाचा खेळ उभा केला. ‘लूना’ नावाच्या हवाई जहाजात लोक बसायचे. जहाजाचे पंख फडफडायचे, बैठक डुलायची, अंगावर वारा यायचा. खाली नायगारा दिसायचा आणि मग पृथ्वी लहान लहान होत जायची. चंद्रावर उतरलं की तिथले रहिवासी स्वागताला हजर. चंद्र हिरव्या चीजचा असतो या इंग्रजी लोककल्पनेला धरून पाहुण्यांना हिरवं चीजही दिलं जायचं. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांचा चंद्रप्रवासाचा प्रसिद्ध मूकपट आला १९०२ मध्ये, म्हणजे या खेळानंतर. थॉम्प्सन आणि त्यांचे भागीदार एल्मर डंडी यांनी हाच खेळ न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडला नेला आणि १९०३ मध्ये तिथे ‘लूना पार्क’ उघडलं. इटालियन आणि तुर्की भाषांत ‘लूनापार्क’ हा आजही अशा करमणुकीच्या बागेसाठीचा साधा, रोजचा शब्द आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘पण त्यात चित्रफीत कुठे होती?’ नव्हती. रंगवलेले पडदे, दिवे आणि यंत्रं एवढंच होतं. आक्षेप रास्त आहे, म्हणून आणखी मागे जाऊ. १८९५ च्या ऑक्टोबरात लंडनचे उपकरणकार रॉबर्ट पॉल यांनी एका पेटंटसाठी अर्ज केला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची कालयंत्रावरची कादंबरी नुकतीच आली होती. पॉल यांची कल्पना अशी : प्रेक्षकांना हलत्या मंचांवर बसवायचं, वाऱ्याचे झोत सोडायचे आणि समोर स्लाइड व चलत्चित्रं दाखवून त्यांना भूतकाळात नि भविष्यकाळात फिरवून आणायचं. पैशांअभावी हे कधी उभं राहिलं नाही. पण तारीख बघा. सिनेमाचे जनक मानले जाणारे ल्युमिएर बंधू यांनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपटांचा पहिला खेळ केला तो त्याच वर्षी डिसेंबरच्या २८ तारखेला. त्याच्या दोन महिने आधी विज्ञानकथेवरची फिल्म राइड कागदावर तयार होती! मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत थरारक गोष्ट वाटते.

मग १९०४ मध्ये सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज हेल यांनी रेल्वेच्या डब्यासारखी खोली केली. ती हलायची, आणि समोर धावत्या गाडीतून घेतलेली चित्रफीत चालायची. विज्ञानकथा नव्हती, पण पडदा आणि हलती बैठक एकत्र आली. आपल्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा आणि आकाशपाळणा शेजारी शेजारी पाहिलेल्या माणसाला या दोघांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘स्टार टूर्स’चं श्रेय मला अजिबात नाकारायचं नाही. ते फक्त वेगळं आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बनलेलं फ्लाइट सिम्युलेटर डिस्नीने घेतलं आणि ४० माणसांना त्यात बसवलं. यातली युक्ती सुंदर आहे. खोली मागे झुकवली की आपण सीटमध्ये रेलतो. बाहेरचं काही दिसत नसेल, तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हे झुकणं आहे की वेग वाढणं, हे ओळखता येत नाही. समोरच्या पडद्यावर तारे सुसाट मागे पळत असतात, म्हणून मेंदू ‘वेग’ असाच निर्णय देतो. खोली जागची फारशी हलतही नाही.

आता नक्कल. ‘स्टार टूर्स’मध्ये चित्रपटाची गोष्ट नव्हतीच. आपण साधे पर्यटक, यंत्रमानव वैमानिकाची ती पहिलीच फेरी, आणि त्याच्या चुकांमुळे आपण लढाईत सापडतो. १९९१ मध्ये फ्लोरिडात आलेल्या, कालप्रवासाच्या चित्रपटांवरच्या ‘बॅक टू द फ्युचर’ राइडची चित्रफीत डग्लस ट्रम्बल यांनी दिग्दर्शित केली. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या दृश्यपरिणामांवर काम केलेला हा माणूस. आठ आसनांची गाडी भल्यामोठ्या घुमटाकार पडद्यासमोर उचलली जायची. डोळ्यांच्या कडांपर्यंत दुसरं काहीच दिसायचं नाही. गोष्ट नवी, चित्रीकरण नवं, मांडणी त्या जागेपुरतीच घडवलेली. ‘जुरासिक पार्क’च्या राइडचं काम तर १९९३ चा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच सुरू झालं होतं.

जाहिरातीचा मुद्दा सालं बघितली की आपोआप निकालात निघतो. ‘ई.टी.’ चित्रपट १९८२ चा, राइड १९९० ची. ‘टर्मिनेटर २’ १९९१ चा, त्यावरचा त्रिमितीय खेळ १९९६ चा, आणि तो चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी स्वतः मूळ कलाकारांना घेऊन केलेला. ‘बॅक टू द फ्युचर’चा शेवटचा भाग १९९० मध्ये आला, जपानमधली राइड २००१ मध्ये उघडली आणि २०१६ पर्यंत चालली. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वर सिम्युलेटर राइड आहे. चित्रपट १९८७ चा, पार्क २०१३ चं. एवढ्या वर्षांनी कोणत्या तिकीटबारीसाठी जाहिरात करायची असते? लोकांना त्या जगात पुन्हा जायचं असतं, आणि पार्क ते दार उघडं ठेवतं.

व्हीआरबद्दल फार लिहायची गरज नाही. चष्म्यात डोळे उडतात, शरीर खुर्चीतच राहतं, आणि या विसंगतीनेच अनेकांना मळमळतं. २०१७ मध्ये ‘अवतार’वरची आणि २०१९ मध्ये ‘स्टार वॉर्स’वरची प्रचंड मोठी राइड आली, दोन्ही चष्मे बाजारात आल्यानंतरच.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. चित्रपट जपला जातो, राइड पाडली जाते. फ्लोरिडा आणि हॉलिवूडमधली ‘बॅक टू द फ्युचर’ राइड २००७ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी त्याच इमारतींत ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेची राइड आली. ट्रम्बल यांची ती चित्रफीत नंतर डीव्हीडीवर निघाली. ती घरी लावली तर सपाट पडद्यावर एक गाडी इकडून तिकडे धडपडताना दिसते. घुमट नाही, खालून उचलणारी गाडी नाही, मागे झुकणारी पाठ नाही. तो अनुभव आता फक्त त्यात बसलेल्या माणसांच्या आठवणीत उरला आहे.